‘आपण जिंकलों!’

२०२५ सालच्या मार्च महिन्याची दुसरी तारीख. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावांत मिळविलेल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाचा संघ तिसऱ्यांदा विजेता ठरला. भंडाऱ्याच्या आमच्या घरीं त्या दिवशीं जेवणें लांबलीं होतीं. पडद्यासमोर माझा धाकटा भाऊ, त्याचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी असे तिघेजण बसलों होतों. निकाल जाहीर होतांच मी माझ्या वयाला आणि पेशाला न शोभेल अशा आवाजांत ओरडलों, “आपण जिंकलों!”

मुलगा ओरडला नाहीं. त्यानें जरा वेळ पडद्याकडे पाहिलें आणि मग मला विचारलें, “मोठे बाबा, सरवटे आपला होता ना? मग तो हरला, तर आपण कसे जिंकलों?”

प्रश्नाची पार्श्वभूमि सांगितली पाहिजे. आदित्य सरवटे हा नागपूरचा डावखुरा फिरकी गोलंदाज. फेब्रुवारी २०१९ मध्यें याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यांत त्यानें ११ बळी घेतले आणि करंडक दुसऱ्यांदा विदर्भाकडे आला. आमच्या घरांत त्याचें नांव कौतुकानें घेतलें जाई, आणि तें ऐकतच हा मुलगा मोठा झाला. २०२५ सालीं मात्र सरवटे केरळच्या संघांतून खेळत होता, आणि पहिल्या डावांत त्यानें आमच्याविरुद्ध ७९ धावा काढल्या. उलट ज्यानें आमच्या बाजूनें ८६ आणि १३५ धावा काढल्या तो करुण नायर मल्याळी आईबापांच्या पोटीं जोधपूरला जन्मलेला, बंगळुरांत वाढलेला आणि अनेक वर्षें कर्नाटकाकडून खेळलेला. म्हणजे नागपूरचा मुलगा केरळासाठीं झुंजत होता आणि मल्याळी घरचा मुलगा विदर्भासाठीं. या देवघेवींत ‘आपण’ नेमके कोठें होतों, हें त्या मुलाला समजेना. खरें सांगावयाचें तर मलाहि सांगतां येईना. “अरे, खेळ असतो तो,” एवढें म्हणून मीं वेळ मारून नेली. परंतु ज्यानें तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविलीं त्याला असा प्रश्न सहजासहजीं टाळतां येत नाहीं. तो रात्रीं परत येतो.

या बाबतींत मराठी भाषा इंग्रजीपेक्षां अधिक बोलकी आहे. इंग्रजींत ‘वुई’ हा एकच शब्द. मराठींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. ‘आम्ही’ म्हटलें म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. मैदानावरून परतलेला खेळाडू ‘आम्ही जिंकलों’ असें म्हणतो, आणि तें त्यानें म्हणावेंहि. घाम त्यानें गाळलेला असतो. प्रेक्षक मात्र ‘आपण जिंकलों’ असें म्हणतो. त्यानें बॅट हातीं घेतलेली नसते, उन्हांत दिवसभर क्षेत्ररक्षण केलेलें नसतें. तरीहि खेळाडूला, स्वतःला आणि ऐकणाऱ्याला तो एकाच शब्दाखालीं गोळा करतो. या शब्दांत मोठें औदार्य आहे आणि थोडी लबाडीहि आहे. औदार्य असें कीं, ज्या सुखापासून आपणांस कांहीं लाभ व्हावयाचा नाहीं असें परक्याचें सुख तो आपलें मानतो. लबाडी अशी कीं, समोरच्याला न विचारतांच त्याला आपल्या पक्षांत ओढतो. आणि उद्यां तोच संघ हरला तर पुष्कळदां हळूच सर्वनाम बदलून ‘ते हरले’ असेंहि म्हणतो. माझ्या पुतण्यानें नेमकें हेंच केलें नाहीं. मीं टाकलेल्या ‘आपण’च्या जाळ्यांत शिरण्यापूर्वीं त्यानें विचारलें, यांत कोण कोण आहे?

हा शब्द आपण शिकतों कोठें, याचा विचार करूं लागलों म्हणजे मला माझें लहानपण आठवतें. तें वैनगंगेच्या कांठच्या एका खेड्यांत गेलें. आमचा मुलुख धानाचा. धान कापून घरीं आलें कीं बांध्या मोकळ्या पडत. त्यांतल्या एखाद्या मोठ्या बांधींतले खुंट तुडवून आम्ही मैदान तयार करीत असूं, आणि चारी बाजूंचे धुरे ही त्याची आयती सीमा. तेथें रोज संध्याकाळीं हुतुतू, आट्यापाट्या नाहीं तर विटीदांडू. विटीदांडूंत आम्ही ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असें मोजीत असूं. तेलुगू भाषेंतल्या ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ या आंकड्यांशीं त्यांचें नातें आहे हें कळावयाला मला कॉलेजांत जावें लागलें. दुसऱ्या भाषेचे आंकडे आमच्या तोंडीं इतके रुळले होते कीं, ते परके आहेत अशी शंकाहि कधीं कोणाला आली नाहीं.

बाजू पाडण्याची रीत वाचकांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. दोन म्होरके उभे राहत. बाकीचीं मुलें जोडीजोडीनें दूर जाऊन आपसांत गुपचूप नांवें ठरवीत आणि खांद्यांवर हात टाकून परत येत. मग प्रश्न होई, “कोणाला हवा चंद्र, कोणाला हवा सूर्य?” ज्यानें चंद्र मागितला त्याच्याकडे चंद्र झालेला गडी जाई. जोडी साधारणतः सारख्या ताकदीची असे, त्यामुळें दोन्ही बाजू तुल्यबळ होत. पण या रीतींतला खरा गुण तेव्हां लक्षांत आला नव्हता. काल ज्याला पाय धरून पाडलें तो आज आपल्या शेजारीं उभा असे, आणि सख्खा भाऊ पलीकडे जाई. एकदां बाजू ठरली कीं तिच्यासाठीं गुडघे फोडून घ्यावयाला कोणी कचरत नसे. आणि अंधार पडून घरून हांका आल्या कीं ती बाजूहि संपे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां चंद्र आणि पुन्हां सूर्य. दोन्ही बाजूंनीं खेळणारा आणि कधींच न मरणारा एक ‘कच्चा लिंबू’हि असे, फार लहान किंवा फार अशक्त मुलाला ही पदवी मिळे. माझी छाती अशक्त होती, म्हणून दोन वर्षें मी कच्चा लिंबू होतों. पुढें बढती मिळून मी पंच झालों.

पंच असतांनाच माझ्या हातून जें घडलें तें आजवर मीं कोणाला सांगितलें नव्हतें. एका वर्षीं संक्रांतीच्या सुमारास कोणाच्या तरी डोक्यांत आलें कीं, या वेळीं चंद्रसूर्य नकोत. वरचा मोहल्ला विरुद्ध खालचा मोहल्ला असा हुतुतूचा सामना करावा. वरच्या मोहल्ल्यांत आम्ही म्हणजे शाळामास्तरांचीं, पटवाऱ्यांचीं आणि बऱ्या स्थितींतल्या शेतकऱ्यांचीं मुलें. खालच्या मोहल्ल्यांत नदीकांठच्या ढिवरांचीं आणि मजुरांचीं. बाजू पूर्वींच ठरलेल्या होत्या. त्या आमच्या जन्मानेंच ठरविल्या होत्या. खेळ तोच, बांधी तीच, पण त्या संध्याकाळीं आवाज निराळा होता. ज्या शिव्या एरवीं ऐकूं येत नसत त्या ऐकूं आल्या.

सामना बरोबरींत आला. खालच्या मोहल्ल्याचा शेवटचा गडी दम घेऊन आंत शिरला. तो एका ढिवराचा मुलगा. नदींत बुडी मारून राहणाऱ्या त्या छातींत श्वास किती मावतो हें आम्हां सर्वांना माहीत होतें. त्यानें आमचे दोन गडी शिवले. तिघांनीं मिळून त्याला धरलें. आणि त्या तिघांना अंगावर घेऊन तो धुळींतून मध्यरेषेकडे सरकूं लागला. मुलांच्या ओरड्यानें कान बधिर झाले होते. त्याचीं बोटें रेषेपलीकडे गेलीं, आणि मी ओरडलों, “दम तुटला!”

माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाहीं. मी गुरुजींचा मुलगा होतों. वरचा मोहल्ला जिंकला. तो मुलगा उठला, त्यानें अंगावरची माती झाडली, आणि माझ्याजवळ येऊन एवढेंच विचारलें, “तुले आयकू आला का?” मीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां चंद्रसूर्याची वाटणी झाली आणि तो आमच्याच मोहल्ल्यांतल्या म्होरक्याच्या वांट्याला आला. त्या दिवशीं तो त्या बाजूसाठीं आदल्या दिवसाइतक्याच जिद्दीनें खेळला. त्यानें माझ्याशीं भांडण केलें असतें तर मला बरें वाटलें असतें.

कॉलेजांत शिकत असतां एका प्रयोगाची हकीकत माझ्या वाचनांत आली, आणि मला मोठा दिलासा मिळाला. २३ नोव्हेंबर १९५१ रोजीं अमेरिकेंत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यासंस्थांमध्यें फुटबॉलचा सामना झाला. सामना दांडगाईचा झाला. एका बाजूच्या नामांकित खेळाडूचें नाक मोडलें, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय मोडला. पुढें हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याचा एकच चित्रपट दाखविला आणि दिसतील तेवढे नियमभंग टिपून ठेवावयास सांगितलें. डार्टमथच्या खेळाडूंनीं केलेले जितके नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्यांच्या निम्मेहि डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले नाहींत. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत या लेखकांनीं असें सुचविलें कीं, पडद्यावरचा सामना एकच असला तरी दोन्हीकडच्यांनीं पाहिलेले सामने दोन होते. मला वाटलें, सुटलों! मी खोटें बोललों नव्हतों. माझ्या कानांनींच मला फसविलें. पक्षपात जिभेवर येण्यापूर्वीं इंद्रियांत शिरतो, त्याला मनुष्य काय करणार?

पण हा दिलासा फार दिवस टिकला नाहीं. एखाद्या दुकानदाराचा तराजू त्याच्याच बाजूला झुकतो असें समजा. जोंवर त्याला तें ठाऊक नाहीं तोंवर तो निर्दोष आहे. ज्या दिवशीं त्याला तें कळलें त्या दिवसापासून प्रत्येक वजन करतांना तो झोंक वजा करण्याची जबाबदारी त्याची झाली. माझें मन वरच्या मोहल्ल्याकडे झुकलेलें आहे हें मला त्या संध्याकाळीं ठाऊक नव्हतें काय? चांगलें ठाऊक होतें. मग ज्या क्षणाविषयीं मला खात्री नव्हती त्या क्षणीं संशयाचा फायदा मीं खालच्या मोहल्ल्याला द्यावयाचा होता. शिवाय त्या अमेरिकन विद्यार्थ्यांनीं निदान त्यांना जें दिसलें तें लिहिलें. मला काय ऐकूं आलें होतें, या प्रश्नाकडे मी त्या वेळींहि वळलों नाहीं.

ॲडम स्मिथचें नांव अर्थशास्त्रामुळें सर्वांना माहीत आहे. पण तो मूळचा नीतिशास्त्राचा अध्यापक. १७५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत त्यानें ‘निःपक्षपाती प्रेक्षक’ अशी एक कल्पना मांडली आहे. आपल्या वागणुकीची पारख करतांना आपण जणूं कांहीं एका तटस्थ पाहणाऱ्याच्या दृष्टीनें स्वतःकडे पाहतों, आणि त्याला जें पटेल तेंच योग्य, असा त्याचा आशय आहे. स्मिथनें ‘प्रेक्षक’ हा शब्द वापरावा याची मला नेहमीं गंमत वाटते. कारण मैदानावर जो प्रेक्षक आपण पाहतों त्याच्याइतका पक्षपाती प्राणी दुसरा नसेल. आमच्या वेदान्त्यांनीं तोच भाव ‘साक्षी’ या शब्दांत ठेविला: जो पाहतो, पण गुंतत नाहीं तो. आतां प्रश्न असा कीं, मैदानाच्या कडेला बसून घसा फोडणाऱ्या माणसाला या साक्षीशीं कांहीं नातें जोडतां येईल काय? कीं खरी नीति पाहिजे असेल तर त्यानें पक्ष घेणेंच सोडून द्यावें?

पक्ष सोडावा असा उपदेश मला पटत नाहीं. ज्याला कोणतीहि बाजू नाहीं त्याला सामना दिसतच नाहीं. त्याला पांढऱ्या कपड्यांतलीं कांहीं माणसें उन्हांत इकडून तिकडे जातांना दिसतात. धडधड, हुरहुर, शेवटच्या षटकापर्यंत जागी राहिलेली आशा हें सारें कोणाच्या तरी बाजूला मन देऊन बसल्याशिवाय लाभत नाहीं. आणि या मन देण्यांत नुसती करमणूक नसते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत खेळत आला. त्याला पहिला करंडक मिळाला तो १ जानेवारी २०१८ रोजीं, इंदूरला, दिल्लीवर नऊ गडी राखून मिळविलेल्या विजयानें. मधलीं साठ वर्षें ज्यांनीं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांतले या संघाचे आंकडे रोज वाचले, त्यांतल्या कित्येकांनीं तो दिवस पाहिला नाहीं. त्यांच्या निष्ठेला फळ मिळालें नाहीं, म्हणून ती वायां गेली असें मला म्हणवत नाहीं. यशाच्या पाठीमागें न लागतां एका गोष्टीला धरून राहावयाला मनुष्य ज्या थोड्या ठिकाणीं शिकतो, त्यांत मैदानाची ही कड आहे.

तेव्हां दोष पक्ष घेण्यांत नाहीं. माझी चूक कोठें झाली हें शोधीत असतां मला एक भेद सांपडला, आणि या लेखांत मला सांगावयाचें तें एवढेंच आहे. प्रेक्षकाजवळ दोन वस्तु असतात: एक त्याची इच्छा आणि दुसरी त्याची साक्ष. आपला गडी सुटावा ही इच्छा. तो सुटला कीं नाहीं ही साक्ष. इच्छेला खुशाल पक्ष असावा; साक्षीला तो असूं नये. वरचा मोहल्ला जिंकावा असें मनांतून वाटणें हा माझा गुन्हा नव्हता. त्या इच्छेच्या हातीं मीं माझे कान दिले हा होता.

मग कांहीं ठिकाणीं इच्छा साक्षीला इतक्या सहज कां गिळते? येथें मला बाजू कशा पडतात हें महत्त्वाचें वाटतें. इसवी सन ५३२ मध्यें कॉन्स्टँटिनोपल शहरांत रथांच्या शर्यतींतले ‘निळे’ आणि ‘हिरवे’ हे दोन पक्ष दंग्याला उठले आणि तो दंगा मोडतांना सुमारें तीस हजार माणसें मारलीं गेलीं, असें इतिहास सांगतो. शर्यतीचे रंग राजकारणाचे रंग होऊन बसले होते. पण इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं; मुंबईचे क्रिकेटचे सामने आपल्या घरचेच आहेत. युरोपियन, पारशी, हिंदु, १९१२ पासून मुसलमान आणि १९३७ पासून ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांचा पांचवा संघ, अशी धर्मानें पाडलेली ती वाटणी होती. त्या सामन्यांनीं क्रिकेटचा शौक वाढविला, उत्तम खेळाडू पुढें आणले, आणि लोकांची त्यांवर विलक्षण प्रीति होती, हें मान्य केलें पाहिजे. पण त्या मैदानावर ‘आपण’ म्हणजे कोण?

पाळवणकर बाळू यांचें उदाहरण घ्या. चांभार जातींत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबांत मैदानाच्या कामावर होता, आणि तेथेंच गोऱ्या फलंदाजांना सरावासाठीं गोलंदाजी करतां करतां तयार झाला. पुण्याच्या हिंदु खेळाडूंनीं त्याला आपल्या संघांत घेतलें तें त्याच्यावांचून चालेना म्हणून. चेंडू एका हातांतून दुसऱ्या हातांत जाई, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळीं मात्र बाकीचे आंत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यांत तो दिला जाई. १९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें. त्या विजयांत बाळूचा आणि त्याच्या शिवराम या भावाचा मोठा वांटा होता. १९११ सालीं विलायतेच्या दौऱ्यांत बाळूनें शंभरावर बळी घेतले. तरी हिंदु संघाचें नायकपद त्याला कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदु संघ जिंकला. १९०६ सालीं ज्या हिंदु प्रेक्षकानें ‘आपण जिंकलों’ असें म्हटलें असेल, त्याला कोणी माझ्या पुतण्यानें विचारावयास हवें होतें, “आपण म्हणजे बाळू धरून, कीं सोडून?” मैदानावर धरून आणि चहाला सोडून, असें तें ‘आपण’ होतें. तोंडानें सर्वांना आंत घेणारा शब्द हातानें कोणाला तरी दारांत उभा करीत होता.

१९४३ च्या डिसेंबरांतला अंतिम सामना तर याहून विचार करावयाला लावणारा आहे. हिंदूंनीं विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांसह ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत त्यांच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. भाऊ विवेक यांच्या जोडीनें त्यांनीं ३०० धावांची भागी केली. तींत भावाच्या धावा २१. सामना ‘रेस्ट’नें एक डाव आणि ६१ धावांनीं गमावला. हजारे सांगलीचे, मराठी बोलणारे. धर्मानें ख्रिस्ती, म्हणून ते ‘उरलेल्यां’त. त्या दिवशीं ब्रेबोर्न मैदानावर बसलेल्या मराठी हिंदु गृहस्थानें मनांतल्या मनांत कोणासाठीं टाळी वाजविली असेल? मला वाटतें, जो कोणी खरोखर पाहत होता त्याचे हात हजाऱ्यांसाठींच उचलले गेले असतील. त्याची इच्छा एकीकडे असेल, पण त्याची साक्ष तेथें. परंतु ज्या वाटणीनें त्याला बाजू दिली होती तिनें असें दोन ठिकाणीं राहणें त्याला फार अवघड करून ठेविलें होतें. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचे लोक गांधीजींना भेटावयाला आमच्या शेजारच्या वर्ध्याला आले होते, आणि खेळांत धर्माच्या भिंती नसाव्या असेंच मत गांधीजींनीं त्यांना दिलें. तरी ते सामने १९४६ पर्यंत चालले आणि मग बंद पडले.

मोहल्ल्यांच्या आमच्या त्या सामन्यांत आणि या सामन्यांत मला एकच दोष दिसतो. तेथें बाजू बदलत नाहीं. हिंदु गडी उद्यां मुसलमानांच्या संघांतून खेळूं शकत नव्हता, आणि ढिवराचा मुलगा वरच्या मोहल्ल्याचा होऊं शकत नव्हता. ज्याला आपली बाजू कधींच बदलणार नाहीं अशी खात्री असते, त्याला नियम वाकविण्याची भीति वाटत नाहीं; वाकविलेला नियम नेहमीं दुसऱ्याच्याच अंगावर पडणार असतो. चंद्रसूर्याच्या खेळांत तशी सोय नव्हती. आज दम तुटल्याची खोटी आरोळी दिली तर उद्यां तोच दम आपल्या बाजूचा असे. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञानें १९७१ सालीं लिहिलेल्या न्यायविषयक ग्रंथांत असें सुचविलें कीं, समाजांत आपण कोणत्या जागीं पडूं हें ठाऊक नाहीं असें समजून माणसांनीं नियम ठरवावे. हा ग्रंथ मीं वर्गांत अनेकदां शिकविला. पण आमच्या बांधींत तोच धडा रोज संध्याकाळीं गिरविला जात होता, हें ध्यानांत यावयाला मला पुतण्याच्या प्रश्नाची वाट पाहावी लागली.

महाभारतांतला एक प्रसंग येथें आठवतो. भीम आणि दुर्योधन हे दोघेहि गदायुद्धांत बलरामाचे शिष्य. युद्धांत कोणाचाच पक्ष घ्यावयाचा नाहीं म्हणून बलराम तीर्थयात्रेला निघून गेला होता; तो परतला तों या दोघांचें अखेरचें द्वंद्व सुरू होत होतें. तो प्रेक्षक म्हणून बसला. भीमानें दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा हाणली, आणि नाभीखालीं प्रहार करूं नये हा नियम मोडलेला पाहून बलराम नांगर उगारून भीमावर धांवून गेला. श्रीकृष्णानें त्याला आवरलें, भीमाच्या प्रतिज्ञेचीं आणि कौरवांच्या अधर्माचीं कारणें सांगितलीं. तीं बलरामाला पटलीं नाहींत, आणि तो द्वारकेला निघून गेला. पांडवांचा पक्ष न्यायाचा होता असें आपण सारे मानतों; तरी नियम मोडला, हें बलरामाचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. कोणी म्हणेल, बलरामाचें मन दुर्योधनाकडे झुकलेलें होतें. असेल, परंतु प्रहार जर दुर्योधनानें कमरेखालीं केला असता तर नांगर उचलला गेला असता काय, एवढेंच विचारावें. प्रत्येक प्रेक्षकानें स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे. बाजू मनांतल्या मनांत उलटी करून पाहावी. आणि तरीहि तोच निकाल तोंडांतून निघत असेल, तर घसा फोडून ओरडावयाला कांहीं हरकत नाहीं.

आतां पुतण्याच्या प्रश्नाकडे वळतों. आजकाल खेळाडू एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जातात, याबद्दल माझ्या पिढीचे लोक कुरकुर करतात. निष्ठा उरली नाहीं म्हणतात. मीहि म्हणत असें. २०१८ च्या पहिल्या करंडकाच्या वेळीं आमच्या फलंदाजींत मुंबईचा वसीम जाफर होता आणि संघाला शिकविणारे चंद्रकांत पंडितहि मुंबईचेच होते. तेव्हां मात्र मला त्याची कुरकुर आठवली नाहीं! आज मला या देवघेवींत चंद्रसूर्याची जुनी वाटणी पुन्हां दिसते. पैसा त्यांत आहे, करार आहेत, तें मी नाकारीत नाहीं. तरी सरवटे पलीकडे गेल्यामुळें एका दहा वर्षांच्या मुलाला ‘आपला’ हा शब्द पुन्हां तपासून पाहावा लागला, आणि ज्याच्यावर आपण प्रेम केलें तो समोरच्या बाजूला उभा राहूं शकतो हें कळलें. हें त्याला मोहल्ल्यांच्या सामन्यांत कळलें नसतें.

सामन्यानंतर कांहीं दिवसांनीं खांब तलावाच्या कांठीं आम्ही फिरावयाला गेलों असतां मीं त्याला सांगितलें कीं, सरवटे हरला आणि आपण जिंकलों, हीं दोन्ही वाक्यें खरीं आहेत; त्याच्या ७९ धावांना आपण टाळी वाजवावयाला हवी होती, ती मीं वाजविली नाहीं, ही चूक. मग त्यानें न विचारतांच मीं त्याला बांधींतल्या त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली. त्यानें ती नीट ऐकून घेतली. मुलें ज्या ठिकाणीं थांबतात त्याच ठिकाणीं तो थांबला.

“मोठे बाबा, मग तुम्हांला ऐकूं आलं होतं का?”

“नाहीं,” मीं म्हटलें. “मला ऐकूं आलें नव्हतें.”

उत्तराला चाळीस वर्षांहून अधिक उशीर झाला होता. आणि ज्यानें तें पहिल्यांदा विचारलें होतें, तो तें ऐकावयाला तेथें नव्हता.